शिमगा आणि कवित्व

मराठीत स्टँडअपसाठी विनोद लिहायला बसलं की पहिलं भांडण क्रियापदाशी होतं. ज्या शब्दावर हशा यायचा तो वाक्याच्या अगदी टोकाला हवा, आणि आपल्याकडे टोकाला 'आहे', 'होतं', 'म्हणाली' ही मंडळी आधीच ठाण मांडून बसलेली. 'आमच्या सोसायटीत व्हॉट्सअ‍ॅपवर चोवीस तास पाणी येतं' हे वाक्य स्टेजवर जागच्या जागी मरतं. 'आमच्या सोसायटीत चोवीस तास पाणी येतं... व्हॉट्सअ‍ॅपवर' म्हटलं की जिवंत होतं. शब्द तेच, फक्त एकाची जागा हलली. मात्र त्यानंतर एक अक्षरही बोलायचं नाही. बोललात की आपल्याच हशावर आपला पाय.

खार-अंधेरीच्या ओपन माइकला, म्हणजे कुणीही स्टेजवर जाऊन जोक आजमावायच्या रात्री, नवख्याला चार-पाच मिनिटं मिळतात. शेवटचं मिनिट उरलं की मागून कुणीतरी मोबाइलचा टॉर्च दाखवतो. याला 'लाइट देणं' म्हणतात. हशासाठी थांबणं धरलं तर पाच मिनिटांत जेमतेम पाचशे शब्द बसतात. त्यात झोंबणारा जोक कुठे ठेवायचा हे कसब. पहिल्या मिनिटात नको, कारण हा माणूस कोण, हे खोलीला अजून कळलेलं नसतं. शेवटीही नको, पडला तर त्याच शांततेत स्टेज उतरावं लागतं. तिसऱ्या मिनिटाच्या आसपास, आधी स्वतःवर एक जोक मारून झाल्यावर, आणि खिशात एक निरुपद्रवी जोक राखीव ठेवून. खोलीचाही हिशेब असतो. ठेंगणं छत, खेटून मांडलेल्या खुर्च्या आणि जरा जास्तच गार एसी असेल तर लोक मोकळं हसतात. साठ खुर्च्यांत वीस माणसं विखरून बसली, तर प्रत्येकाला स्वतःचं हसू ऐकू येतं आणि तो ते आवरतो.

सेट, म्हणजे स्टेजवरची ती आपली पाच मिनिटं, फोनवर रेकॉर्ड करून परतीच्या लोकलमध्ये कानाला लावून ऐकायचा. स्वतःचा आवाज नाही, समोरच्यांचा. हशा एकदम फुटतो. 'ओऽऽह' मात्र अर्धा सेकंद उशिरा येतो, कारण लोक आधी शेजाऱ्याचा चेहरा बघतात. टाळी सगळ्यात फसवी. तिचा अर्थ, तुमचं म्हणणं पटलं, हसू आलं नाही.

'ओह' आला की नवशिका शब्द मवाळ करत बसतो. बिघाड बहुतेक वेळा शब्दात नसतो, नेमात असतो, म्हणजे जोक कुणावर रोखलाय त्यात. कामवाल्या मावशींवरचा जोक घ्या. 'मावशींची यंदा तिसरी आजी वारली' यावर कधीकाळी सभागृह हलायचं. आज छोट्या खोलीत त्याला थंडगार शांतता मिळते, आणि ती योग्यच आहे. आता नेम फिरवा : 'मावशी चार दिवस गावी गेल्या. घरात दोन इंजिनिअर, एक सीए. तिसऱ्या दिवशी सापडला... झाडू.' विषय तोच, मावशी त्याच, पण हसं होतंय ते तिकीट काढून आलेल्यांचं. ते जास्त मोठ्याने हसतात, कारण झाडू कुठे असतो ते खरंच त्यांनाही माहीत नसतं.

टोचणारा विनोद काही आज उगवलेला नाही. शिमग्याला बोंब मारायची मुभा होती, तमाशातल्या सोंगाड्याला गावच्या पाटलाची टोपी उडवायची मुभा होती. अट एकच : दिवस ठरलेला, फड ठरलेला. दादा कोंडक्यांच्या द्व्यर्थी विनोदाचं यंत्र तर याहून हुशार. वाक्याचा सरळ अर्थ सोवळ्यातला. दुसरा काढलात तर पाप ऐकणाऱ्याच्या माथी. सेन्सॉरने कापावं तरी नेमकं काय? आणि मालवणी बोली, जी मराठी रंगभूमीवर बहुधा गड्याच्या तोंडी हशापुरती यायची, तीच १९८० साली 'वस्त्रहरण'ने अख्ख्या नाटकाची भाषा केली. मच्छिंद्र कांबळींसमोर सगळ्यात जोरात हसायला मालवणी माणूसच असायचा. बोली तीच, हशाही तोच, पण आता दोरी त्याच्या हातात.

आपल्याकडे नाटकाची संहिता आधी रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाकडे जाते. स्टँडअपची संहिता रोज रात्री बदलते, ती तपासणार कधी? तिची तपासणी नंतर होते, आणि जे खोलीत नव्हते ते करतात. डिसेंबर २०१४मध्ये वरळीला एआयबी या विनोदी कलाकारांच्या गटाचा रोस्ट, म्हणजे पाहुण्यांची त्यांच्या तोंडावर केलेली बोचरी टिंगल, झाला. रोस्ट म्हणजे काय हे ठाऊक असलेलेच तिथे बसले होते, आणि ती रात्र सुखरूप पार पडली. वादळ उठलं ते जानेवारीत व्हिडिओ टाकल्यावर. मार्च २०२५मध्ये खारच्या हॅबिटॅट या स्टँडअपच्या स्टुडिओची मोडतोड झाली तीही तिथल्या कार्यक्रमाचा व्हिडिओ ऑनलाइन आल्यानंतर. शिमगा जातो, कवित्व उरतं असं आपण म्हणायचो. आता लोकांपर्यंत पोचतं ते फक्त कवित्वच. जुन्या दंडसंहितेतलं कलम २९५अ १ जुलै २०२४पासून भारतीय न्याय संहितेत कलम २९९ झालं. आकडा बदलला, तरी धार्मिक भावना दुखावण्यामागचा हेतू सिद्ध करायची अट कायम आहे. चाळीस सेकंदांच्या तुकड्यात मात्र हेतूच आधी कापला जातो, कारण तो आधीच्या तीन मिनिटांत असतो.

मग धंद्याने वाट काढली. काही ठिकाणी दारातच फोनच्या कॅमेऱ्यावर स्टिकर लावतात. अपलोड करण्याआधी वकील व्हिडिओ बघतो, नावावर बीप येतो (बीपने जोक जास्त हसवतो, हा त्यातला फायदा). आणि रील म्हणून बाहेर पडतं ते क्राउडवर्क, म्हणजे प्रेक्षकांशी आयत्या वेळी मारलेल्या गप्पा. लिहिलेला जोक एकदा नेटवर गेला की जळला. पहिल्या रांगेतल्या जोडप्याची घेतलेली फिरकी कितीही टाका, फुकटची. म्हणून हल्ली मंत्री सुटतो आणि पाचशेचं तिकीट काढून आलेला, नुकतीच नोकरी गेलेला मुलगा सापडतो. 'टोचरं बोलू नका' या ओरड्यातून निघालेला हा प्रकार. आमच्या मते त्या सगळ्यात टोचरा हाच.

सोसायटीचा गणपती हे मात्र वेगळंच राज्य. सहा वर्षांपासून ऐंशीपर्यंतची माणसं, उघडं मैदान, घुमणारा स्पीकर. हशा वर निघून जातो, परत येत नाही. सेक्रेटरी आधीच बाजूला घेऊन सांगतात, 'राजकारण नको, जात-धर्म नको, थोडं फॅमिली ठेवा.' कलाकार वीस मिनिटं ट्रॅफिक, पार्किंग आणि मोदकांवर काढतो. मग आभारासाठी सेक्रेटरी स्वतः माइक हातात घेतात आणि बायकोच्या स्वयंपाकावर एक जोक मारतात. क्रियापद शेवटी असूनही मैदान खदखदतं. पहिल्या रांगेतल्या त्यांच्या सौ. खुर्ची मागे सारून प्रसादाच्या पातेल्याकडे जातात.