त्यांना खरंच ख्रिस्ती व्हायचं होतं का?

नगरच्या अमेरिकन मिशनविषयी बोलताना अनातोलियातल्या, म्हणजे आजच्या तुर्कस्तानातल्या, किझिलबाश पंथाच्या लोकांचा विषय मी काढतेच, आणि मग हमखास कुणीतरी विचारतं: त्या मुसलमानांना खरंच ख्रिस्ती व्हायचं होतं का? तुम्हीही विचारलंत, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

दोन्हीकडची मिशनरी मंडळी बॉस्टनच्या एकाच बोर्डाची. १८५० नंतर पूर्व अनातोलियात आर्मेनियन लोकांत काम करता करता त्यांची किझिलबाशांशी, म्हणजे आजच्या अलेवींशी, गाठ पडली. रमजानचे रोजे नाहीत, पाच वेळची नमाज नाही, पैगंबरांचे जावई अली यांच्यावर मात्र अपार भक्ती. त्यांच्यातले काही जण स्वतःला चक्क प्रोटेस्टंट म्हणवू लागले. अली गाको नावाच्या अशाच एका म्होरक्याविषयी डनमोर या मिशनऱ्यानं मोठ्या आशेनं बॉस्टनला लिहिलं. हे लोक मूळचे ख्रिस्तीच असावेत, असाही तर्क निघाला.

तो तर्क मला पटत नाही. त्यांच्या 'जेम'ची, म्हणजे सामुदायिक उपासनेची, बैठकच बघा. बाया आणि पुरुष एकाच खोलीत बसतात. देदे, म्हणजे त्यांचे धर्मगुरू, आधी विचारतात, कुणाचं कुणाशी वाकडं आहे का? असेल तर ते मिटल्याशिवाय पुढचं काही होत नाही. मग साझ हे तंतुवाद्य वाजतं, अलीची आणि हुसेनची कवनं म्हटली जातात. हा त्यांचा स्वतःचा, भरभक्कम धर्म आहे. पण बायापुरुष एकत्र बसतात म्हणून शेजारचे सुन्नी पिढ्यानपिढ्या कुजबुजत आले की हे लोक दिवा विझवून नको ते करतात. किती घाणेरडा आळ! शिवाय उस्मानी सुलतान आणि इराणचा शाह यांच्यातल्या चाल्दिरानच्या लढाईच्या, म्हणजे १५१४च्या आसपासपासून, हे शाहाच्या बाजूचे असा सरकारचा संशय होता तो वेगळाच.

अशांना प्रोटेस्टंट या नावात आसरा दिसला. सुलतानानं १८५० मध्ये त्या पंथाला स्वतंत्र मान्यता दिली होती, शिवाय पाठीशी परदेशी राजदूत. येशूविषयी आपुलकीही असेलच. पण जीव मुठीत धरून जगणाऱ्यांनी आसरा शोधला, तर त्याला लबाडी म्हणायला माझी जीभ रेटत नाही.

तो आसरा त्यांना मिळाला नाही. सरकारदरबारी ते मुसलमानच राहिले. पुढे सुलतान दुसऱ्या अब्दुल हमीदनं त्यांच्या गावांत मशिदी बांधून इमाम धाडले. पहिल्या महायुद्धाच्या सुमारास तेव्हा सत्तेवर असलेल्या 'तरुण तुर्क' गटानं बहा सईद नावाच्या माणसाला त्यांचा अभ्यास करायला पाठवलं, तेव्हा त्यानं त्यांना अस्सल तुर्क ठरवलं.