अर्धी की अख्खी?

गाठ मला कधी दुखली नाही आणि आरशात दिसलीही नाही. जूनमध्ये शाळा सुरू झाली, पहिल्याच आठवड्यात घसा बसला आणि महिनाभर बसलेलाच राहिला. प्राथमिकच्या बाईंचा घसा बसणं म्हणजे काही नवल नाही, म्हणून मी हळद-दुधावर दिवस काढले. शेवटी फॅमिली डॉक्टरांनी मान चाचपली, ‘गिळा’ म्हणाले, पुन्हा चाचपली आणि सोनोग्राफीची चिठ्ठी दिली.

उजव्या बाजूला थायरॉईडमध्ये, म्हणजे गळ्यातल्या ग्रंथीत, १.९ सेंटिमीटरची गाठ. रिपोर्टमध्ये ‘टायरॅड्स ४’ असं लिहिलेलं, म्हणजे सोनोग्राफीत गाठ किती संशयास्पद दिसते त्याचा दर्जा. टीएसएच, म्हणजे थायरॉईडचं काम बघायची रक्ततपासणी, नॉर्मल. मग सुईची तपासणी, म्हणजे एफएनएसी. तिचा रिपोर्ट चार दिवसांनी आला: ‘फॉलिक्युलर निओप्लाझम, बेथेस्डा ४’. बेथेस्डा हे कुणा डॉक्टरांचं नाव असेल असं मला वाटलं होतं. ते अमेरिकेतल्या मेरीलँडमधलं गाव निघालं. २००७ साली तिथे परिषद भरली आणि थायरॉईडच्या सुईचे रिपोर्ट सगळीकडे एकाच पद्धतीने, सहा गटांत लिहायचे असं ठरलं. मी चौथ्या गटात होते.

आमच्या कराडच्या सर्जनना आम्ही वीस वर्षं ओळखतो. सासऱ्यांचं हर्नियाचं ऑपरेशन त्यांनीच केलं. त्यांची मुलगी चौथीला माझ्या वर्गात होती, त्यामुळे ते मला अजून ‘बाई’ म्हणतात. त्यांनी रिपोर्ट पाहिला आणि म्हणाले, “पूर्ण थायरॉईड काढून टाकू बाई. एकदाच काय तो निकाल लागेल. पुढच्या गुरुवारी करून घेऊ.” मी मान हलवली. काउंटरवरच्या मुलीने मेडिक्लेमच्या कार्डाची झेरॉक्स घेतली, दोन सह्या घेतल्या. सगळं मिळून बारा मिनिटं.

घरी आल्यावर ह्यांनी विचारलं, “म्हणजे कॅन्सर आहे का नाही?” आणि माझ्या लक्षात आलं की मला ते माहीतच नाही. मी विचारलंच नव्हतं. तिसरीतल्या पोराने गणिताचं उत्तर लिहून आणलं तर “कसं आलं ते सांग” म्हणून मी त्याला फळ्यापाशी उभं करते. आणि स्वतःच्या गळ्याचं उत्तर न विचारता घरी घेऊन आले होते.

पुढचे दोन दिवस सगळ्यांनी मत दिलं. जाऊबाईंच्या माहेरी कुणाची तरी गाठ कांचनार गुग्गुळाने विरघळली होती. स्टाफरूममध्ये ‘आयोडीनचं मीठ खात नाही का?’ पासून ‘अगं माझ्या नणंदेची पण काढली, मस्त आहे’ पर्यंत सगळं झालं. नाशिकच्या मावसबहिणीने फोनवर सांगितलं, “थेट टाटाला दाखव.” तिचा हेतू चांगलाच होता. पण आमच्याकडे ‘टाटाला नेलंय’ म्हटलं की पुढचं वाक्य कुणी बोलत नाही. परळच्या त्या हॉस्पिटलला ऐंशीहून जास्त वर्षं झाली, हजारो माणसं बरी होऊन येतात, तरी नुसत्या नावाने घरात पंखा बंद केल्यासारखं होतं. सासूबाई देवासमोर जाऊन बसल्या.

दुसऱ्या डॉक्टरांना दाखवायचं एवढं ठरलं. अडचण होती ती पहिल्यांना सांगायची. त्यांना न सांगता गुपचूप पुण्याला जाऊन यावं, असं ह्यांचं मत. पण कागद तर त्यांच्याकडेच होते आणि गाव एवढंसं. शिवाय लपवून गेले असते आणि पुन्हा त्यांच्याकडेच ऑपरेशन करायची वेळ आली असती तर? मी रात्री भांडी घासताना वाक्यांची तालीम केली. ‘तुमच्यावर विश्वास नाही असं नाही’ हे वाक्य कसंही म्हटलं तरी विश्वास नाही असंच ऐकू येत होतं. शेवटी ते काढूनच टाकलं.

दुसऱ्या दिवशी ओपीडी संपताना गेले आणि म्हणाले, “डॉक्टर, ऑपरेशनच्या आधी मला पुण्याला एकदा दाखवून यायचंय. कागद आणि स्लाइड हव्यात.”

ते क्षणभर थांबले. “दाखवा की. फक्त फार दिवस घालवू नका,” म्हणाले आणि कंपाउंडरला हाक मारली. एवढंच. मी तीन दिवस ज्याला घाबरत होते ते अर्ध्या मिनिटात संपलं. पण ‘फार दिवस घालवू नका’ हे वाक्य मात्र पुण्याला पोचेपर्यंत माझ्या मानेवर बसून होतं.

कागद मागायला कुणाला संकोच वाटत असेल तर सांगते, तो आपला हक्क आहे. वैद्यकीय परिषदेच्या २००२ च्या नियमांत लिहिलंय की पेशंटने किंवा नातेवाइकाने मागितल्यावर ७२ तासांत रेकॉर्ड द्यायचं. दुसरं मत घेण्याचा हक्क रुग्णहक्कांच्या सनदेत आहे, आणि महाराष्ट्रात २०२१ पासून ही सनद हॉस्पिटलच्या भिंतीवर लावायची असते. आमच्या इथे ती लावलेली होती, वॉटर कूलरच्या मागे. मी शाळेतल्या सवयीने उभी राहून सगळी वाचली. वाचणारी बहुधा पहिलीच असेन, कारण काउंटरवरची मुलगी माझ्याकडे बघत राहिली.

स्लाइड मिळणं मात्र सोपं गेलं नाही. सुईची तपासणी बाहेरच्या लॅबमध्ये झाली होती. तिथले गृहस्थ म्हणाले, “रिपोर्ट न्या, स्लाइड आम्ही देत नाही.” मला राग आला. पण त्यांचंही एक बरोबर होतं, ते नंतर कळलं. गाठ कापून तपासली तर मेणाचा ब्लॉक उरतो, त्यातून पुन्हा काप काढता येतो. सुईने काढलेल्या पेशी काचेवर पसरल्या की तेवढ्याच. काच फुटली की पुरावा गेला. तेव्हा अर्ज लिहिला, डॉक्टरांची चिठ्ठी जोडली, आणि ‘१५ दिवसांत परत करीन’ असं लिहून सही केली. मग सहापैकी चार स्लाइड मिळाल्या. प्लॅस्टिकच्या छोट्या डबीत चार काचा, प्रत्येकीवर जांभळट डाग. ती डबी मी डब्याच्या नॅपकिनमध्ये गुंडाळून पर्समध्ये ठेवली आणि कराड ते स्वारगेट पर्स मांडीवरून खाली ठेवली नाही. खंबाटकीपाशी शेजारच्या बाईंनी विचारलं, “सोनं आहे का काय?”

तिकीट मात्र अर्धं लागलं. एसटीची बायकांची सवलत.

पुण्याचे डॉक्टर थायरॉईडची आणि मानेचीच ऑपरेशनं करणारे. नंबर पावणेदोन तासांनी लागला. मी सांगायला सुरुवात केली, “आमच्या डॉक्टरांनी असं सांगितलंय की…” तर त्यांनी हात वर केला. “ते शेवटी सांगा. आधी मला बघू दे.” हे मला फार आवडलं. मान तपासली, तिथेच स्वतः सोनोग्राफी केली, डावी बाजू आणि मानेतल्या लसीकाग्रंथी नीट पाहिल्या. नाकातून बारीक दुर्बीण घालून स्वरतंतू पाहिले. ते दोन्ही व्यवस्थित हलत होते. म्हणजे घसा बसला होता तो पहिलीच्या पोरांमुळे, गाठीमुळे नव्हे. स्लाइड त्यांच्या पॅथॉलॉजिस्टकडे गेल्या, बाराशे रुपये भरले, चार दिवसांनी यायला सांगितलं.

खरं सांगते, त्या चार दिवसांत मला दुसरं मत नकोच होतं. मला ‘काही नाही हो, उगाच घाबरवलं तुम्हाला’ एवढंच ऐकायचं होतं. चार दिवसांनी दुसऱ्या पॅथॉलॉजिस्टने लिहून दिलं: बेथेस्डा ४. पहिली लॅब बरोबर होती. मी बाहेरच्या बाकावर बसले आणि एवढी धावपळ करून काय मिळवलं म्हणून मला रडू आलं.

मग डॉक्टरांनी आत बोलावलं आणि ह्यांनी घरी विचारलेला प्रश्न मी आधी विचारून टाकला. कॅन्सर आहे का? ते म्हणाले, “या रिपोर्टवरून कुणीच सांगू शकणार नाही. चौथ्या गटातल्या साधारण तीन-चार बायकांत एकीला निघतो. बाकीच्यांची साधी गाठ.” मग सुई कशाला घातली, असं माझ्या तोंडावर आलं असावं, कारण त्यांनी कागदावर गोल काढला आणि त्याभोवती दुसरी रेघ ओढली. सुईने आतल्या पेशी मिळतात. साध्या गाठीत आणि कॅन्सरच्या गाठीत त्या अगदी सारख्या दिसतात. फरक असतो तो गाठीभोवतीच्या आवरणात. पेशी ते फोडून बाहेर पडल्यात का, रक्तवाहिनीत शिरल्यात का. मला ते माझ्या पद्धतीने कळलं. वर्गातली चार मुलं उचलून आणली तर ती आमच्या शाळेची आहेत एवढंच कळतं. कुणी कंपाउंडवरून उडी मारून गेलंय का, हे सगळं कंपाउंड फिरून पाहिल्याशिवाय कसं कळणार? आणि कंपाउंड तपासायचं तर गाठ अख्खी बाहेर काढावी लागते.

म्हणजे ऑपरेशन चुकत नव्हतं. मग ते म्हणाले, “आता सांगा, तिकडे काय सांगितलं होतं?”

“पूर्ण काढायची.”

“मी तुमची अर्धी काढीन.”

अर्धी काढता येते हेच मला माहीत नव्हतं. त्यांनी दोन्ही बाजू मांडल्या आणि मला वाटतं प्रामाणिकपणे मांडल्या. पूर्ण काढली आणि पुढे कॅन्सर निघाला, तर पुन्हा गळा उघडावा लागत नाही, म्हणून काही सर्जन तसं करतात. पण मग थायरॉक्सिनची, म्हणजे थायरॉईडच्या हार्मोनची, गोळी जन्मभर. शिवाय थायरॉईडच्या पाठीमागे कॅल्शियम सांभाळणाऱ्या चार छोट्या ग्रंथी असतात, दोन्हीकडे दोन-दोन, आणि आवाजाची नसही दोन्हीकडून जाते. अर्धी काढली तर एकच बाजू उघडते. गोळी लागलीच तर पाचातल्या एखाद्या बाईला लागते. उलट बाजू अशी की कॅन्सर निघाला आणि तो पूर्ण थायरॉईड काढावी लागेल अशा प्रकारचा असला, तर काही आठवड्यांत दुसरं ऑपरेशन. माझी डावी बाजू स्वच्छ होती, गाठ दोन सेंटिमीटरच्या आत होती, म्हणून त्यांचा कल अर्धीकडे. “घाई नाही,” हेही ते म्हणाले. “महिनाभर विचार करा. ही गाठ एवढ्यात कुठे जात नाही.” ‘फार दिवस घालवू नका’ तेव्हा मानेवरून उतरलं.

परत येताना एसटीत ह्यांनी विचारलं, “मग आता?” मी म्हटलं, मी दिवसाचे पाच तास बोलते. आवाजाच्या दोन्ही नसा एकदम पणाला लावायच्या नाहीत मला.

यानंतर पुण्यालाच करायचं हे ठरल्यासारखं होतं. पण मी आधी कराडच्या डॉक्टरांकडे परत गेले. घराजवळ झालं असतं तर सासूबाईंचं, मुलाच्या दहावीचं, सगळंच सोपं गेलं असतं. पुण्याचा कागद त्यांच्यापुढे ठेवला आणि विचारलं, “तुम्ही अर्धी काढाल का?”

त्यांनी सावकाश वाचलं. “मी शक्यतो पूर्णच काढतो बाई. पुन्हा त्याच जागी गळा उघडायचा म्हणजे आत सगळं चिकटलेलं असतं. मला ते नको वाटतं.”

मग मी तो प्रश्न विचारला. त्यासाठी पायऱ्या चढताना दोनदा थांबले होते. “वर्षाला थायरॉईडची किती करता तुम्ही?”

ते रागावतील असं वाटलं होतं. त्यांनी चष्मा काढला, पुसला. “आठ-दहा,” म्हणाले. आणि थोड्या वेळाने, “ते तिथे आठवड्याला दोन-चार करत असतील. तुम्हाला अर्धीच करायची असेल तर तिथेच करा.” एवढं सरळ उत्तर मला त्या महिन्यात दुसऱ्या कुणी दिलं नाही.

यातली एक बाब कुणीच सांगत नाही म्हणून सांगते. ह्यांच्या तासवड्याच्या कंपनीचा मेडिक्लेम आहे. कराडच्या हॉस्पिटलने माझ्या नावाने कॅशलेसची मंजुरी आधीच मागवून ठेवली होती. ती रद्द झाल्याशिवाय पुण्याची मंजुरी पुढे सरकेना. ऑपरेशनच्या दोन दिवस आधी कळलं. फोन, मेल, पुन्हा फोन, आणि शेवटी ह्यांनी कराडच्या काउंटरवर जाऊन ती रद्द करून घेतली. हॉस्पिटल बदलायचं ठरवलंत तर आधी हे उरका.

ऑपरेशन ऑगस्टच्या शेवटी झालं. त्याबद्दल सांगण्यासारखं फार नाही. भूल, उलट्या, दोन रात्री, गळ्यावर चार बोटांची रेघ. कॅल्शियम ठीक राहिलं. नवव्या दिवशी रिपोर्ट आला: फॉलिक्युलर अॅडेनोमा, आवरण शाबूत. साधी गाठ. सासूबाईंनी पेढे आणले, पण मी त्या तीन-चारातली ‘एक’ निघाले असते तर हाच अनुभव मी कोणत्या आवाजात सांगितला असता, हे मला माहीत नाही. तेव्हाही अर्धीच बरोबर होती असं म्हटलं असतं का? म्हटलं असतं, असं वाटतं. खात्री नाही.

आवाज राहिला, पण वरचे सूर बरेच दिवस लागेनात. परिपाठाला राष्ट्रगीतात शेवटचं ‘जय हे’ आलं की माझा आवाज फाटायचा आणि पहिल्या रांगेतली पोरं ओठ दाबून उभी राहायची. दिवाळीनंतर तो परत आला. सहा आठवड्यांनी केलेला टीएसएच थोडा चढा आला, पण गोळीची गरज लागली नाही.

डिसेंबरमध्ये सासूबाईंच्या पायाची जखम दाखवायला कराडच्या डॉक्टरांकडे गेलो. ड्रेसिंग झाल्यावर त्यांनी माझ्याकडे हात केला. “आणलाय का रिपोर्ट?” फाइल पिशवीतच होती. त्यांनी रिपोर्ट शेवटपर्यंत वाचला, आवरणाबद्दलच्या ओळीवर बोट ठेवून पुन्हा वाचली, आणि कंपाउंडरला म्हणाले, “याची झेरॉक्स काढून आपल्याकडच्या बाईंच्या पेपरला लाव.”

मग दाराशी पोचलेल्या मला विचारलं, “बाई, लॅबच्या स्लाइड परत केल्यात ना?”

त्या अजून माझ्या कपाटात होत्या, नॅपकिनसकट.