स्लॅबला अमावास्या नसते

वडोदऱ्यात दांडिया बाजारातले आमचे वडिलोपार्जित घर पाडून त्याच जागी दुमजली घर बांधायला आम्ही २०२३ च्या लाभपंचमीला, म्हणजे १८ नोव्हेंबरला, सुरुवात केली. मालसामान आमचे आणि मजुरी ठेकेदाराची, असा करार होता. पावसाळ्याआधी, १५ जूनपर्यंत, गच्चीच्या चायना मोझॅकसह, म्हणजे गच्चीवर बसवायच्या टाइलच्या तुकड्यांच्या थरासह, काम संपावे अशी आमची इच्छा होती. ठेकेदाराने ‘होऊन जाईल’ असे सांगितले. पण सारी नोकरी बँकेत काढलेल्या माणसाला तारखेशिवाय मिळालेल्या आश्वासनावर विसंबता येत नाही.

शेजारचे एक स्नेही कोयलीच्या रिफायनरीतून निवृत्त झालेले आहेत. शटडाऊनची, म्हणजे देखभालीसाठी कारखाना बंद ठेवण्याच्या काळाची, वेळापत्रके आखण्यात त्यांची वर्षे गेली असल्यामुळे क्रिटिकल पाथची पद्धत त्यांनीच मला एका संध्याकाळी कागदावर समजावून सांगितली. ही पद्धत १९५० च्या दशकाच्या उत्तरार्धात ड्यूपाँ आणि रेमिंग्टन रँड या अमेरिकी कंपन्यांनी रासायनिक कारखान्यांच्या कामांसाठीच विकसित केली होती, हेही त्यांच्याकडूनच कळले. मग मी एक्सेलमध्ये ३४ कामे मांडली आणि प्रत्येकापुढे त्याची मुदत व त्याआधी पूर्ण व्हायलाच हवीत अशी कामे लिहिली. पुढे जाताना आधीच्या कामांच्या शेवटच्या तारखांपैकी सर्वांत उशिराची घ्यायची, मागे येताना नंतरच्या कामांच्या सुरुवातींपैकी सर्वांत लवकरची घ्यायची, आणि या दोन गणितांतून निघालेल्या सुरुवातीच्या तारखांमधले अंतर म्हणजे त्या कामाची सवड, अर्थात फ्लोट. ज्या कामांची सवड शून्य, त्यांची साखळी हाच क्रिटिकल पाथ.

ऐकायला सोपे वाटणाऱ्या या गणितात मी पहिल्याच आठवड्यात दोनदा फसलो. दिलेल्या तारखेत कामाचे दिवस मिळवणारे एक्सेलचे वर्कडे (WORKDAY) हे फंक्शन सुरुवातीचा दिवस मोजत नाही, याकडे माझे लक्ष नव्हते. त्यामुळे प्रत्येक काम एकेक दिवसाने लांबले आणि १७ कामांच्या साखळीत शेवटची तारीख १७ दिवस पुढे गेली. सुरुवातीच्या आदल्या दिवसापासून मोजल्यावर हा घोळ मिटला. दुसरी चूक सुट्ट्यांची. आमच्याकडच्या कडियांची, म्हणजे गवंड्यांची, सुट्टी रविवारी नसून अमावास्येला असे. म्हणून मी साप्ताहिक सुट्टी आपल्याला ठरवू देणारे वर्कडे-इंटल (WORKDAY.INTL) हे फंक्शन घेतले, आठवड्याच्या सुट्टीच्या जागी सात शून्ये दिली, म्हणजे आठवड्याची सुट्टीच नाही, आणि सुट्ट्यांच्या यादीत पंचांगातून अमावास्या उतरवून घेतल्या. उत्तरायणाचे १४ आणि १५ जानेवारी हे दोन दिवस तर होतेच. शिवाय बहुतेक मजूर दाहोदकडचे असल्यामुळे होळीसाठी २३ मार्च ते १ एप्रिल हे दहा दिवस काम बंद राहणार, हे मुकादमाने आधीच सांगून ठेवले होते.

हे सारे भरून मी तक्ता मोठ्या अभिमानाने मिस्त्रीला दाखवला. त्याने स्लॅबच्या ओळीवर बोट ठेवले आणि म्हणाला, “स्लॅबने अमास ना होय, साहेब.” स्लॅबला अमावास्या नसते! स्लॅबखालचे टेके काढण्याआधीची मुदतही मी कामाच्या दिवसांतच धरली होती. पण काँक्रीट सुट्टीच्या दिवशीही घट्ट होतच असते. आयएस ४५६ या काँक्रीटच्या भारतीय मानकाप्रमाणे सहा मीटरपर्यंतच्या गाळ्याच्या (दोन आधारांमधल्या अंतराच्या) तुळयांखालचे टेके साधारणपणे १४ दिवसांनी काढता येतात, आणि ते १४ दिवस कॅलेंडरचे. तेवढ्या ओळींपुरती मी साधी बेरीज ठेवली.

जानेवारीच्या अखेरीस ठेकेदाराने तळमजल्याच्या वीटकामासाठी जादा टोळी लावण्याचे सुचवले. सहा दिवस वाचणार होते आणि ४२,००० रुपये जास्त लागणार होते. तक्त्यात त्या कामाला ११ दिवसांची सवड दिसत होती, म्हणजे पैसे देऊन सवड १७ दिवसांची झाली असती आणि घर एक दिवसही आधी उभे राहिले नसते. खरी अडचण सेंटरिंगची, म्हणजे ओले काँक्रीट पेलणाऱ्या तात्पुरत्या साच्याची, होती. टेके आणि प्लेटांचा संच एकच असल्यामुळे तळमजल्याचा स्लॅब सुटेपर्यंत वरच्या मजल्याची फळ्याबंदी अडून राहत होती. दुसरा संच भाड्याने आणण्याचा खर्च २८,००० रुपये होता. मला आठ दिवस वाचतील असे वाटले होते. पण तक्त्यात कामाचे पाचच दिवस वाचले, कारण तेवढे कमी झाल्यावर वरच्या खांबांची साखळी क्रिटिकल झाली. दिवसाला ५,६०० रुपये! प्रतापनगरच्या भाड्याच्या घराचे रोजचे जेमतेम ५०० रुपये पडत असताना हा सौदा वेडेपणाचाच ठरला असता.

मी तो नाकारणारच होतो, तेवढ्यात तारखांच्या रकान्यावर नजर गेली. एका संचाने वरचा स्लॅब होळीची सुट्टी नसती तर २६ मार्चला ओतला गेला असता. सुट्टी धरल्यामुळे उरलेली चार दिवसांची कामे २ एप्रिलपासून पुढे गेली आणि स्लॅब ५ एप्रिलला आला. दोन संचांनी तोच २१ मार्चला ओतला जात होता आणि होळीचे दहाही दिवस टेक्यांच्या १४ दिवसांत जिरून जात होते. प्रत्यक्षात पंधरा दिवस वाचत होते, म्हणजे दिवसाला सुमारे १,८६७ रुपये. भाड्याच्या हिशेबाने हेही महागच होते. पण एका संचाने शेवट २८ जूनला येत होता, आणि गच्ची पावसात सापडण्यापेक्षा मला २८,००० परवडले.

खर्चाचा तक्ता वेगळा होता, आणि तिथेही माझी एकदा घाबरगुंडी उडाली. फेब्रुवारीअखेर ठरल्याप्रमाणे १८.४ लाखांचे काम व्हायला हवे होते, झालेल्या कामाचे मोल १७.६ लाख होते आणि खर्च १८.९ लाख, म्हणजे खर्चाचा निर्देशांक (मोल भागिले खर्च) ०.९३. ठेकेदाराला जाब विचारण्याआधी बिले पुन्हा चाळली, तेव्हा १.१ लाखाची सळई आवारातच पडून असल्याचे लक्षात आले. न वापरलेला माल बाजूला काढल्यावर निर्देशांक ०.९९ झाला. तेव्हापासून शिल्लक मालाचा रकाना मी कायमचा जोडला.

स्लॅब २१ मार्चला संध्याकाळी पुरा झाला. होळीत कामावर कोणीच नसल्यामुळे, काँक्रीट ओले राहावे म्हणून स्लॅबवर घातलेल्या वाफ्यांत सकाळ-संध्याकाळ पाणी भरण्याचे काम मी आणि सौ. आम्ही दोघांनीच केले. धुळवडीला भिजलो ते त्या पाण्यानेच. ४ एप्रिलला टेके निघाले आणि गच्चीचे चायना मोझॅक ११ जूनला संपले. खर्च अंदाजापेक्षा १.३ लाखांनी वाढला. पण त्यातला बहुतेक भाग सागवानी चौकटींचा होता, आणि त्या आम्हा दोघांनाच हव्या होत्या.