धडधाकट, पण निरुपयोगी

काळापांढरा लेझर प्रिंटर ही सहजासहजी न मरणारी वस्तू आहे. इंकजेट महिनाभर वापरला नाही की त्याची शाई सुकते आणि तो रुसून बसतो. लेझरचं तसं नसतं. आख्खा पावसाळा जुन्या चादरीखाली काढलेला लेझर प्रिंटर दिवाळीत सुरू केला, तर जरा घसा खाकरून पहिला कागद बाहेर टाकतो. कागद ओढेनासा झाला की पिकअप रोलर बदलायचा. अक्षरं बोटाने पुसली जायला लागली की अक्षरं तापवून कागदाला चिकटवणाऱ्या फ्यूजरमधलं टेफ्लॉन गेलं असं समजायचं. पानावर ठरावीक अंतराने तोच तो काळा ठिपका उमटत असेल तर ड्रमला चरा पडलाय. पुण्याच्या तपकीर गल्लीत हिंडायची तयारी असेल तर यातल्या कशानेच अडत नाही. टोनर भरून देणारा तर फोन केला की घरी येतो, गॅलरीत वर्तमानपत्र पसरून कार्ट्रिज उघडतो, भुकटी भरतो, ब्लेड पुसतो आणि जाताना "सर, आता दोन वर्षं बघायला नको" असं प्रमाणपत्र देऊन जातो. एचपीचं बारा-ए आणि कॅननचं ३०३ ही कार्ट्रिजं आतून एकच, हे मला त्याच्याकडूनच कळलं. पटत नव्हतं, म्हणून वाचून पाहिलं. खरंच आहे. एचपीने १९८४ साली पहिला लेझरजेट काढला तेव्हापासून बहुतेक लेझरजेटांच्या आतलं यंत्र कॅननचं, हा व्यवहार चालत आलेला आहे.

असा हा धडधाकट प्रिंटर यूएसबीच्या वायरने माझ्या लॅपटॉपला जोडला, आणि काहीच झालं नाही.

लॅपटॉपही जुनाच. विंडोज १०ची मुदत १४ ऑक्टोबर २०२५ला संपली आणि त्या सुमारास बऱ्याच जणांनी आपापली जुनी यंत्रं विंडोजऐवजी लिनक्स या फुकट मिळणाऱ्या प्रणालीवर नेली; मीही त्यातलाच एक. लिनक्सचाच एक प्रकार, लिनक्स मिंट, टाकलं. वायफाय चाललं, आवाज आला, वेबकॅमसुद्धा न सांगता चालला. प्रिंटर तेवढा राहिला. टर्मिनलमध्ये, म्हणजे हुकूम टाइप करायच्या खिडकीत, एलएसयूएसबी असं लिहिलं की जोडलेल्या यंत्रांच्या यादीत त्याचं नाव मॉडेलसकट दिसायचं. म्हणजे ओळख होती. छापायला सांगितलं की काम रांगेत लागायचं, 'प्रोसेसिंग' असं यायचं आणि मग 'फिल्टर फेल्ड' असा दोन शब्दांचा निरोप. कधीकधी तर त्याहून वाईट: काम पूर्ण झालं, असं खुशाल यायचं आणि ट्रेमधला कागद जागचा हललेला नसायचा.

मला हे सगळं फार विचित्र वाटलं. ज्याचा रोलर, ड्रम, टेफ्लॉन, मोटर सगळं शाबूत आहे, त्या यंत्राला बिघडलेलं कसं म्हणायचं? बिघाड काढायला पाना-पेचकस घेऊन बसावं, तर उघडायला काही नाही. बिघडलं होतं ते दोघांमधलं बोलणं, आणि त्याचा सुटा भाग तपकीर गल्लीत मिळत नाही.

या अबोल्याचं मूळ स्वस्ताईत आहे. १९८५मध्ये ॲपलचा लेझररायटर आला तेव्हा त्याच्या पोटात पोस्टस्क्रिप्ट ही अख्खी भाषा होती, आणि ती चालवायला १२ मेगाहर्ट्झचा प्रोसेसर. ज्या मॅकवरून त्याला हुकूम सोडायचा त्याचा प्रोसेसर जेमतेम ८ मेगाहर्ट्झचा! नोकर मालकापेक्षा हुशार. 'या जागी या आकाराचं हे अक्षर काढ' एवढं सांगितलं की पुढचं प्रिंटर बघून घ्यायचा. भाषा जगजाहीर होती, त्यामुळे ती येणारा कुठलाही संगणक त्याच्याशी बोलू शकायचा. पण किंमत होती ६,९९५ डॉलर. पुढे घरोघरचे संगणक दणकट झाले आणि उत्पादकांनी हिशेब केला, की प्रिंटरला डोकं द्यायचंच कशाला? पानाचं चित्र संगणकच तयार करील, प्रिंटरने फक्त ठिपके मारावेत. ६०० डीपीआयला, म्हणजे इंचाला ६०० ठिपके धरले तर, ए-फोर पानावर साधारण साडेतीन कोटी ठिपके होतात. ते दाबून-आवळून पाठवायची प्रत्येकाची रीत वेगळी, आणि ती रीत फक्त विंडोजच्या ड्रायव्हरला, म्हणजे प्रिंटरशी बोलणाऱ्या प्रोग्रॅमला, ठाऊक. आपल्याकडे दुकानांत, शाळांत, वकिलांच्या टेबलांवर बसले ते याच जातीचे प्रिंटर.

मराठी माणसाने या ठिपकेवाल्यांना फार नावं ठेवू नयेत. डॉट मॅट्रिक्सच्या पोटात रोमन अक्षरं आयती असायची, आपल्या देवनागरीला तिथे सहसा थारा नव्हता. चित्रच पाठवायचं म्हटल्यावर 'ज्ञ' काय आणि 'र्‍ह' काय, प्रिंटरला सगळे ठिपके सारखे.

लिनक्सवाल्यांनी कुठला प्रिंटर कितपत चालतो याची एक यादी फार वर्षांपासून ठेवली आहे. ती आता ओपनप्रिंटिंग या प्रकल्पाकडे असते. तिच्यात प्रिंटरांचे चार दर्जे केलेले आहेत: उत्तम चालणारे, बहुतांशी चालणारे, थोडेफार चालणारे, आणि चौथा दर्जा, पेपरवेट. हा मी केलेला विनोद नाही, अधिकृत वर्गवारी आहे. इतक्या प्रामाणिकपणे माल पारखणारी यादी मी दुसरी पाहिलेली नाही.

पेपरवेटच्या दर्जातून प्रिंटर वर काढणारी माणसं हा या सगळ्या प्रकरणातला मला सगळ्यात आवडलेला भाग. उत्पादक काही सांगत नाही, मग काम कसं करायचं? विंडोजच्या संगणकावरून एक कोरं पान छापायचं आणि वायरीतून जे काही गेलं ते टिपून ठेवायचं. मग पानावर एकच रेघ काढून छापायची, तेही टिपायचं. दोन्ही टिपणं शेजारी ठेवून कुठे फरक पडला ते पाहायचं. रेघ जरा खाली सरकवायची, पुन्हा पाहायचं. कागदाचा आकार बदलायचा, एकाच्या तीन प्रती मागायच्या, आणि प्रत्येक वेळी कुठला आकडा बदलला याची नोंद करायची. अशी महिनोन्‌महिने चोरून ऐकलेली संभाषणं जमली की हळूहळू कळायला लागतं, की हा आकडा म्हणजे पान सुरू, हा म्हणजे पान संपलं, आणि मधला अगम्य ढीग म्हणजे आवळलेलं चित्र.

रिक रिचर्डसन या अमेरिकन प्रोग्रॅमरने अशाच तऱ्हेचं 'फू-टू-झेडजेएस' हे ड्रायव्हरांचं घराणं उभं केलं. त्याने हात घातलेल्या जातीतले प्रिंटर झेनोग्राफिक्स कंपनीच्या झेडजेस्ट्रीम पद्धतीने बोलायचे, आणि त्यांचा अगम्य ढीग निघाला जेबिग नावाच्या, मुळात फॅक्ससारख्या काळ्यापांढऱ्या चित्रांसाठी ठरवलेल्या प्रमाणित पद्धतीने आवळलेला. म्हणजे कुलूप अवघड, पण किल्ली बाजारात होती. भारतात जिथे तिथे दिसणारा लेझरजेट १०२० याच यादीत येतो. त्याची आणखी एक गंमत अशी, की वीज गेली की तो स्वतःचं फर्मवेअर, म्हणजे त्याला आतून चालवणारा प्रोग्रॅम, विसरतो. दर वेळी चालू केल्यावर संगणकाने त्याला 'तू प्रिंटर आहेस' हे नव्याने सांगावं लागतं. रिचर्डसनच्या ड्रायव्हरमध्ये त्याचीही सोय आहे: प्रिंटर जोडल्याची चाहूल लागली की लिनक्स आधी फर्मवेअर पाठवतं. आपल्याकडचा दुसरा सर्वव्यापी प्रिंटर, कॅननचा एलबीपी २९००, कॅप्ट नावाची वेगळीच बोली बोलतो. कंपनीने लिनक्ससाठी ड्रायव्हर काढला होता खरा, पण त्यातले भाग ३२ बिटांचे, ६४ बिटांच्या संगणकावर जुनी लायब्ररी, म्हणजे त्यांना लागणारा प्रोग्रॅमचा सुटा भाग, शोधून घालावी लागायची. शेवटी त्या बोलीचीही उकल बाहेरच्याच लोकांनी करून वेगळा ड्रायव्हर लिहिला. या मंडळींना यातून फारसे पैसे मिळाले नसणार. त्यांच्यासमोरही बहुधा असाच एक न बोलणारा ठोकळा असणार, आणि रात्री झोप नसणार.

आमच्या प्रिंटरचं नाव कुठल्याच ड्रायव्हरच्या यादीत नव्हतं. पण त्याच्या एका भावंडाचं होतं. कारखान्यातून एकच यंत्र दोन-चार आकड्यांनी बाहेर पडतं. एकाला ट्रे मोठा, एकाला नेटवर्कचं भोक, एकाचा रंग करडा. आतली बोली तीच. म्हणून लिनक्सवर जुनी युक्ती अशी, की आपलं मॉडेल नसेल तर जवळचा नातलग निवडायचा. मुलीकडच्यांना वाटतं मुलाकडचा, मुलाकडच्यांना वाटतं मुलीकडचा, आणि पठ्ठ्या पंगतीत बसून जिलबी वाढून घेतो, तसा हा ड्रायव्हर आत शिरतो.

हे करायची जागा म्हणजे कप्स. ब्राउझरमध्ये 'लोकलहोस्ट' आणि पुढे ६३१ हा आकडा लिहिला की छपाईच्या व्यवस्थेचं कार्यालयच उघडतं. मायकल स्वीटने १९९७मध्ये ते लिहायला घेतलं, १९९९मध्ये ते लोकांच्या हाती आलं, २००२पासून ॲपल ते वापरतं आहे, आणि २००७मध्ये तर ॲपलने ते विकतच घेतलं. मॅकवाल्यांना याचा पत्ता नसतो, कारण त्यांच्याकडे हे कार्यालय पडद्याआड आहे. मला ते पडद्याबाहेरच आवडतं. प्रत्येक काम कुणी दिलं, किती वाजता, कुठे अडकलं, सगळं तिथे लिहिलेलं.

भावंड निवडलं, पासवर्ड दिला, चाचणीचं पान सोडलं. प्रिंटरचा पंखा फिरला. कित्येक दिवस तो आवाज ऐकला नव्हता. आणि मग लाल दिवा लागून यंत्र थांबलं.

ही गोची लिनक्सवर छापणाऱ्या बऱ्याच भारतीयांना ठाऊक असेल. ड्रायव्हरने कागद धरला होता लेटर, म्हणजे अमेरिका-कॅनडात चालणारा, २७९ मिलिमीटर उंचीचा. आपल्याकडचा ए-फोर २९७चा. जो कागद मी आयुष्यात हातात धरलेला नाही, त्याची वाट बघत प्रिंटर डोळे मिचकावत बसला होता. उपाय मात्र सोपा होता. ड्रायव्हरबरोबर येणारी पीपीडी फाइल हा साधा मजकूर असतो, कुठल्याही एडिटरमध्ये उघडतो. त्यात कागदाचे आकार, समास, घनता असं सगळं ओळीने लिहिलेलं. 'लेटर'च्या जागी 'ए-फोर' केलं, डावा समास जरा सरकवला, आणि पान बाहेर आलं. गरम, किंचित वळलेलं, पांढऱ्यावर काळं.

घरच्यांना या विजयाचं काही वाटलं नाही. कोपऱ्यावरचा झेरॉक्सवाला दोन-पाच रुपयांत प्रिंट देतो, त्यासाठी एवढं जागरण कशाला, हा त्यांचा प्रश्न रास्तच आहे. माझं उत्तरही रास्त आहे असं मला वाटतं. त्या दुकानात प्रिंट काढायची म्हणजे आधी आधार कार्ड, सातबारा, पगाराची पावती त्याच्या व्हॉट्सॲपवर पाठवायची. प्रिंट आपण घरी घेऊन येतो, फाइल तिथेच राहते. पण खरं सांगायचं तर जागरणाचं कारण हे नव्हतं. मला राग आला होता, धडधाकट वस्तू कुणीतरी दुरून बाद ठरवावी याचा.

या रागाची परंपरा थोर आहे. १९८०च्या आसपास अमेरिकेतल्या एमआयटी या संस्थेच्या कृत्रिम बुद्धिमत्ता प्रयोगशाळेत झेरॉक्स कंपनीचा नवा लेझर प्रिंटर आला. आधीच्या प्रिंटरच्या प्रोग्रॅममध्ये तिथल्या रिचर्ड स्टॉलमन या प्रोग्रॅमरने स्वतः बदल केला होता, कागद अडकला की वाट पाहणाऱ्यांच्या पडद्यावर निरोप जायचा. नव्याचा मूळ प्रोग्रॅम मिळालाच नाही. कार्नेगी मेलन विद्यापीठात एकाकडे तो होता, पण गुप्ततेचा करार केल्यामुळे त्याने द्यायला नकार दिला. स्टॉलमन ते विसरला नाही. सप्टेंबर १९८३मध्ये त्याने कुणालाही बघता-बदलता येतील अशा प्रोग्रॅमांच्या ग्नू प्रकल्पाची घोषणा केली, आणि आज ज्याला आपण लिनक्स म्हणतो त्याचा मोठा भाग त्या प्रकल्पातून आलेला आहे. कागद अडकल्याचं निमित्त इतकं दूर गेलं. आणि एवढं होऊनही लिनक्सला इतकी वर्षं सगळ्यात जास्त छळलं ते प्रिंटरनेच, यात काव्यगत न्याय कुणाचा, ते मला ठरवता आलेलं नाही.

नवा प्रिंटर घेणाऱ्याला सहसा यातलं काहीच करावं लागत नाही. २०१०मध्ये ॲपलचं एअरप्रिंट आलं तेव्हापासून बरेच प्रिंटर स्वतःच सांगतात की आम्हाला हे हे येतं, आणि संगणक असो की मोबाइल, ड्रायव्हर न मागता छापतो. कप्सच्या पुढच्या मोठ्या आवृत्तीतून पीपीडी फाइलीच काढून टाकायचं ठरलं आहे. जुन्या यंत्रांसाठी 'प्रिंटर ॲप्लिकेशन' म्हणून वेगळे प्रोग्रॅम लिहिले जातायत, ते जुन्या प्रिंटरच्या पुढे उभे राहून जगाला सांगतील की हा नवाच आहे. आमच्याला त्यात जागा मिळेल अशी आशा आहे.

परवा टोनरवाला आला होता. भरलेलं कार्ट्रिज बसवून चाचणीचं पान काढताना त्याने लॅपटॉपकडे निरखून पाहिलं. "सर, हे विंडोज नाही ना? मग चाललं कसं?" मी सांगितलं. बऱ्यापैकी लांबण लावून सांगितलं. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि मग कामाचं बोलला. त्याच्या दुकानात गिऱ्हाइकाने टाकून दिलेला एक प्रिंटर होता. मशीन कडक, पण नव्या विंडोजला ड्रायव्हर नाही. "तुमच्या यावर चालेल का तो?"

मी यादी उघडली. मॉडेल सापडलं, त्याची भावंडंही सापडली. सगळ्यांपुढे पेपरवेट.

"नाही चालणार," मी म्हटलं.

"मग बरंच झालं," तो म्हणाला, "त्याचं टेफ्लॉन तुमच्याला बसतं."