आत्याने अकरा दिवस का सांगितलं नाही

माझ्या आत्याला गेल्या वर्षी जूनमध्ये डिजिटल अरेस्टवाल्यांनी गाठलं, म्हणजे व्हिडिओ कॉलवर पोलीस बनून माणसाला घरातच "अटक" करून पैसे उकळणाऱ्या चोरांनी. १४ लाख २० हजार गेले. हे लिहितेय ते तिला विचारून, आणि आकडा लिही असं तिनेच सांगितलं, कारण आकडा झाकला की लोकांना वाटतं पाच-दहा हजारांचं काहीतरी असेल.

आत्या म्हणजे ३४ वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवलेली बाई. शिक्षक कमी म्हणून चौथीपर्यंतचे वर्ग कित्येक वर्षं एकटीने ओढलेत, वर पोषण आहाराचे हिशेब, जनगणना, इलेक्शन ड्युटी. सरकारी कागद बघून भांबावणारी ती नाही, उलट सरकारी कागदाचा मान राखायची सवय हाडात मुरलेली, आणि त्यांनी नेमकी तीच सवय वापरली. आधी फोन आला की तुमच्या आधार नंबरवर पाठवलेलं पार्सल कस्टमने पकडलंय, त्यात ड्रग्ज आहेत. मग व्हिडिओ कॉल, समोर वर्दीतला माणूस, खांद्यावर स्टार, मागे पोलिसांचा बोर्ड. मग सुप्रीम कोर्टाचा शिक्का असलेलं पत्र व्हॉट्सअ‍ॅपवर. कुणाला सांगितलंत तर मुलालाही आत घ्यावं लागेल, असं एक वाक्य. आत्याचे मिस्टर गेल्यापासून ती कराडला एकटी राहते, मुलगा बंगळुरूला, त्यामुळे ते वाक्य बरोबर लागलं.

चार दिवस तो मोबाईल चालू होता. दिवसा ओट्यावर पाण्याच्या तांब्याला टेकवून ठेवलेला, रात्री उशीशेजारी. आंघोळीला जायचं तरी "सर, जाऊ का" म्हणून विचारायचं. तिने हे सांगितलं ना तेव्हा मला पैशांपेक्षा त्या "सर"चं जास्त वाईट वाटलं, आयुष्यभर पोरांनी जिला "बाई, जाऊ का" विचारलं ती बाई एका चोराला सर म्हणून परवानगी मागत होती. दोन एफडी मोडल्या, दोन आरटीजीएस केले, "आरबीआय पडताळणी करून ७२ तासांत परत करेल" म्हणून. बँकेतल्या मुलीने विचारलं होतं, आजी एवढी रक्कम कुठे पाठवताय, तर मुलाच्या फ्लॅटसाठी असं तिने सांगितलं, कारण हे उत्तरसुद्धा त्यांनीच पढवलेलं.

आम्हाला कळलं पैसे गेल्याच्या अकराव्या दिवशी.

मग सगळे जमले. आतेभाऊ रात्रीच्या गाडीने आला आणि चप्पल काढता काढता म्हणाला, आई, एवढं साधं कसं कळलं नाही गं तुला. आमचे काका म्हणाले, शिक्षिका असून. शेजारच्या वहिनी म्हणाल्या की पेपरात तर रोज येतंय. आणि मी, मी म्हटलं, आत्या, मला एक फोन तरी करायचास ना. मला वाटलं मी प्रेमाने बोलले. ती पदराचं टोक बोटाला गुंडाळत बसली होती, सोडत होती, परत गुंडाळत होती, एक शब्द बोलली नाही.

रात्री सगळे झोपल्यावर मी तिला विचारलं की अकरा दिवस का थांबलीस, तर म्हणाली, "तू काय म्हणशील ते मला माहीत होतं." आदल्या दिवाळीत आम्ही चकल्या पाडत होतो, सोऱ्या तिच्या हातात होता, आणि मी ओळखीतल्या एका काकांचं सांगत होते, त्यांचे असेच साडेतीन लाख गेले होते. आणि मी म्हटलेलं, इतकं कसं कळत नाही लोकांना, लोभ असतो दुसरं काय. मला हे वाक्य अजिबात आठवत नव्हतं. तिला शब्दन्‌शब्द आठवत होतं. पैसे गेल्यावर पहिल्या रात्री तिने माझा नंबर काढला होता आणि ते वाक्य आठवून फोन ठेवून दिला.

आता ही अकरा दिवसांची किंमत सांगते, कारण लोक याला नुसती भावनांची गोष्ट समजतात आणि ती तशी नाहीये. १९३० हा सायबर फ्रॉडचा हेल्पलाइन नंबर आहे. तिथे कळवलं की ज्या खात्यात पैसे गेले त्या बँकेला लगेच निरोप जातो आणि पैसे तिथेच असतील तर अडकवून ठेवता येतात. पण चोरांची खाती त्यांच्या स्वतःच्या नावावर नसतात, भाड्याने घेतलेली असतात, कुण्या कॉलेजच्या पोराचं, कुण्या मजुराचं पासबुक आणि एटीएम कार्ड कमिशनवर घेतलेलं, आणि पैसे आले की काही मिनिटांत त्याचे तुकडे होऊन पुढच्या दहा खात्यांत, तिथून आणखी पुढे, मग कुठेतरी कॅश नाहीतर क्रिप्टो. म्हणजे सगळा खेळ पहिल्या काही तासांचा. आम्ही बाराव्या दिवशी फोन केला. ३८ हजार एका खात्यात पडून होते, तेवढे अडकले, बाकी साफ. सायबरच्या पोलिसांनी पण पहिलं हेच विचारलं, मॅडम पहिल्या दिवशीच का नाही आलात. आत्याने माझ्याकडे पाहिलं नाही, पण मला ते लागलं.

म्हणून मला हे लिहायचं होतं. "तुला कळलं कसं नाही" हा प्रश्न चोराच्या कामाचा आहे. त्याला पैसे पुढे सरकवायला वेळ हवा असतो आणि तो वेळ आपण घरातले लोक त्याला मिळवून देतो, आधीच, दिवाळीत चकल्या पाडताना.

आता कुणी म्हणेल की मग सावध राहायला सांगायचंच नाही का. सांगायचं, दहा वेळा सांगायचं. माझे बाबा महालक्ष्मी एक्सप्रेसने मुंबईला जाताना बॅग साखळीने बर्थच्या खाली बांधायचे, कुलपाची चावी जानव्याला, आणि आम्हाला त्याची लाज वाटायची, पण बॅग कधी गेली नाही हेही खरं. मी स्वतः गाडीवर हेल्मेट घालते, रात्री रिक्षात बसले की नंबरचा फोटो घरच्या ग्रुपवर टाकते. जग चांगलं असायला हवं म्हणून दार उघडं टाकून झोपणारी मी नाही. पण बाबांची बॅग एखाद्या रात्री साखळी कापून नेली असती तर चोर चोरच राहिला असता ना, साखळी बारीक होती म्हणून त्याची शिक्षा अर्धी झाली नसती.

आणि कायद्याला हे वेगळं काढता येतं, आपल्यालाच येत नाही. मोटार अपघाताच्या दाव्यात जखमी माणसाचीही चूक दिसली तर कोर्ट भरपाईतून काही टक्के कापतं. रिझर्व्ह बँकेने ६ जुलै २०१७ ला एक सर्क्युलर काढलं, त्यात ग्राहकाने स्वतः पिन-ओटीपी दिला असेल तर बँकेला कळवेपर्यंतचं नुकसान ग्राहकाचं, कळवल्यानंतर झालेलं बँकेचं. म्हणजे हिशेबाच्या जागी निष्काळजीपणाचा हिशेब होतो, रुपयात होतो, आणि तिथेही "कळवलं कधी" याला किती किंमत आहे बघा. पण फौजदारी गुन्ह्यात समोरचा बेसावध होता म्हणून आरोपीची सुटका होत नाही. फसवणूक ती फसवणूकच. घरात मात्र आपण रुपयाचा हिशेब आणि गुन्ह्याचा दोष एकाच वहीत लिहितो आणि दोन्ही त्या बसलेल्या बाईच्या नावावर टाकतो.

शिकलेल्यांना कळायला हवं, हेही एक ठेवणीतलं वाक्य. वर्धमान ग्रुपचे एस. पी. ओसवाल, एवढा मोठा उद्योग उभा केलेला माणूस, तेव्हा ८२ वर्षांचे, त्यांच्याकडून २०२४ मध्ये ७ कोटी काढले, ऑनलाइन खोटं सुप्रीम कोर्ट भरवून, सरन्यायाधीश म्हणून कुणीतरी खोटा बसवून. त्यांनी तक्रार केली म्हणून ५ कोटींच्या वर रक्कम परत मिळाली, आणि ते जाहीर बोललेसुद्धा. मला त्या माणसाबद्दल फार आदर वाटतो, ७ कोटी गेल्यावर कॅमेऱ्यासमोर बसून मी फसलो म्हणायला काय लागत असेल.

अजून एक गोष्ट आहे जी मला आधी कधी सुचली नव्हती. सावधपणा हाच कित्येकदा गळाला लावलेला असतो. आपल्याकडे तोतया पोलिसांची जुनी पद्धत आहे, सकाळी देवाला निघालेल्या आजीला बाईकवरचे दोघं थांबवतात, आजी पुढे खून झालाय, चेकिंग चाललंय, एवढं सोनं घालून कशाला फिरता, काढा आणि रुमालात बांधून पिशवीत ठेवा, आणा आम्ही बांधून देतो. घरी येऊन रुमाल सोडला की आत खडे. त्या आजीने काय केलं? जे आपण तिला रोज सांगतो तेच केलं, सोनं घालून फिरू नकोस. आत्याने पण कायद्याला घाबरायचं, पोलिसांना सहकार्य करायचं, हेच केलं. डिजिटल अरेस्ट नावाची गोष्ट कायद्यात नाहीच, पण हे माहीत नसणं आणि बेजबाबदार असणं यात फरक आहे.

पैसे आणि शरीर मी एका तराजूत घालत नाहीये, पण प्रश्नाची जात तीच आहे म्हणून लिहिते. २५ फेब्रुवारी २०२५, पुणे, स्वारगेट एसटी स्टँड, पहाटेची वेळ. एक मुलगी फलटणला जायला थांबलेली, तो माणूस ताई म्हणून बोलला, तुमची गाडी तिकडे लागलीय म्हणाला, आणि उभ्या असलेल्या शिवशाही बसमध्ये नेऊन बलात्कार केला, अशी तिची तक्रार. पोलीस ठाणं हाकेच्या अंतरावर. आणि त्यानंतर चर्चा कसली, तर ती ओरडली का नाही. एक मंत्रीसुद्धा बोलून गेले की झटापट झाली नाही म्हणून आसपासच्यांच्या लक्षात आलं नाही. अरे स्टँडवर ताई म्हणून हाक मारणाऱ्याला गाडी विचारायची नाही तर कुणाला विचारायची? मी स्वतः त्याच स्टँडवरून पहाटेच्या गाड्या पकडल्यात आणि कंडक्टर, हमाल, चहावाला, दिसेल त्याला विचारलंय. नंतर तिथले सुरक्षारक्षक बदलायचे आदेश निघाले, म्हणजे काळजी घ्यायचं काम खरं कुणाचं होतं ते माहीत होतंच की.

हे "ओरडली का नाही" आजचं नाही. १९७२ मध्ये आपल्याच महाराष्ट्रात, देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात, मथुरा नावाच्या आदिवासी मुलीवर पोलिसांनी अत्याचार केला. हायकोर्टाच्या नागपूर खंडपीठाने शिक्षा दिली, आणि १९७८ मध्ये सुप्रीम कोर्टाने आरोपी सोडले, अंगावर जखमा नाहीत, आरडाओरडा नाही, म्हणून. पोलीस ठाण्यात, रात्री, पोलिसांच्याच विरोधात त्या पोरीने ओरडून कुणाला बोलवायचं होतं? १९७९ मध्ये उपेंद्र बक्षी, लोतिका सरकार, रघुनाथ केळकर आणि वसुधा धागमवार या कायद्याच्या प्राध्यापकांनी सरन्यायाधीशांना उघड पत्र लिहिलं, देशभर बायका रस्त्यावर आल्या, १९८३ मध्ये कायदा बदलला. कायदा बदलायला अकरा वर्षं लागली. तोंडातला प्रश्न अजून तसाच आहे.

आमच्या घरात आता थोडं वेगळं चालतं. आत्याच्या ऑनलाइन व्यवहाराची मर्यादा खाली आणली, एफडी मोडायची तर बँक आतेभावाला फोन करते, पोलीस म्हणून कुणीही फोन केला तर ठेवायचा आणि आपण होऊन पोलिसांचा ११२ लावायचा, हे फ्रिजवर लिहून लावलंय. ही सावधगिरी, ही आधीची. आणि घडलंच तर तीनच प्रश्न विचारायचे असं ठरलंय, किती वाजता, किती रुपये, कुठल्या खात्यात. चौथा प्रश्न कुणी विचारला तर त्याला मी गप्प करते, आतेभावाला दोनदा केलंय.

आत्या चार महिने भजनी मंडळात गेली नव्हती. नोव्हेंबरात गेली आणि भजन संपल्यावर तिने आपणहून सगळं सांगितलं, तांब्याला टेकवलेल्या मोबाईलसकट. कुणी फार बोललं नाही म्हणे. दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसातला मंडळातल्या एक बाई तिच्या दारात उभ्या, चहा नको म्हणाल्या, पिशवीतून पासबुक काढलं. त्यांचे फेब्रुवारीत गेले होते, २ लाख १० हजार. घरात कुणालाच माहीत नव्हतं, पासबुक इतके महिने तांदळाच्या डब्यात होतं, पानांच्या मध्ये अजून दोन दाणे अडकलेले. आत्याने चष्मा लावला, वही घेतली आणि विचारलं, "किती वाजता गेले?"