आन्चेर्लची सहावी: मधमाश्या वाचल्या!

मागच्या वेळी वैतागून लिहिलं होतं की चेक संगीतकार मार्तिनूच्या सहाव्या सिंफनीची तबकडी परत कपाटात जाणार, कारण संगणकावर उतरवून तिची टकटक काढायला गेलं की संगीतही जातं. गेली नाही. कोडं सुटलंय, निदान पहिल्या भागापुरतं.

प्रत तीच: सुप्राफोन कंपनीची, कंडक्टर कारेल आन्चेर्ल, वाद्यवृंद चेक फिलहार्मोनिक, 1956 चं मोनो ध्वनिमुद्रण. विक्रेत्याच्या मते 'जवळपास नवी'. या सिंफनीची सुरुवात आठवा. ठसठशीत चाल अशी नाहीच. बासऱ्या, म्यूट लावलेला ट्रम्पेट आणि तंतुवाद्यं नुसती गुणगुणत राहतात, मोहोळाजवळ कान नेल्यासारखी. ऑटोमॅटिक डीक्लिक (टकटक शोधून पुसणारा प्रोग्रॅम) सैल ठेवलं की टकटक तशीच राहते. आवळलं की टकटकीबरोबर मधमाश्याही मरतात. प्रोग्रॅमला लहरीतली अचानक उडी दिसते; ती ओरखड्याची आहे की व्हायोलिनच्या गजाची, त्याला काय कळणार? पाचवीच्या वेळी हा त्रास झाला नव्हता, कारण पहिल्या पाचही सिंफन्यांच्या वाद्यवृंदात पियानो आहे आणि त्याच्या ठोक्यांत बारीकसारीक टकटक खपून जाते. सहावीत पियानोच नाही.

आता मुद्द्याचं. मोनो तबकडीत संगीत कोरलेलं असतं ते फक्त सुईच्या आडव्या हालचालीत. म्हणून आपण सगळेच स्टिरिओ कार्ट्रिजचे (सुई धरणाऱ्या भागाचे) दोन्ही चॅनल बेरीज करून घेतो आणि उभ्या हालचालीतली घाण जाते. वजाबाकीकडे मात्र कोणी बघत नाही, कारण डाव्यातून उजवा वजा केला की संगीत पुसलं जातं आणि कचरा तेवढा उरतो. तर हा कचराच कामाचा निघाला! डीक्लिकचा शोध वजाबाकीच्या ट्रॅकवर चालवायचा, जिथे काटा उठेल ती वेळ टिपायची आणि बेरजेच्या ट्रॅकवर तेवढाच तुकडा दुरुस्त करायचा. त्या ट्रॅकवर व्हायोलिनच नाहीत, मग प्रोग्रॅम फसेल कशाला?

एक अट आहे. ॲझिमथ, म्हणजे समोरून बघताना सुईचा खाचेतला उभा कोन, चोख हवा, नाहीतर वजाबाकीत संगीत झिरपतं. कार्ट्रिज जिथे बसतं त्या हेडशेलचा स्क्रू किंचित सैल केला, हेडफोनवर फक्त वजाबाकी लावली आणि कार्ट्रिज केसभर केसभर फिरवत बसलो. ट्रम्पेट बारीक होत गेला, मग परत मोठा, मग पुन्हा बारीक, आणि एका जागी गायबच. उरली ती निव्वळ चरचर. चरचर ऐकून एवढा खूश मी कधी झालो नव्हतो. उरलेला फरक दोन्ही चॅनलचा गेन डेसिबलच्या दशांशाने हलवून काढला.

मग ऐकलं. द्वोर्झाकच्या 'रेक्विएम'मधून आलेली ती चार स्वरांची, जागच्या जागी वळणारी आकृती येते, तेव्हा मागचे तंतू थरथरताना आता स्पष्ट ऐकू येतात. आधीच्या फाइलमध्ये तिथे गुळगुळीत धुकं होतं. जे ओरखडे निव्वळ आडवे आहेत ते वजाबाकीत दिसत नाहीत. ते पेन्सिल टूलने, म्हणजे पडद्यावर लहर हाताने नव्याने रेखून, काढले. कंटाळवाणं काम, पण मोजकंच.

सीडी का नाही, असं विचारणाऱ्यांना: 'आन्चेर्ल गोल्ड' या मालिकेतली सीडी आहे माझ्याकडे आणि ती छानच आहे. छंदाला कारण लागत नाही. ज्याला ही सिंफनी अर्पण केली आणि 1955 मध्ये ज्याने ती बॉस्टनमध्ये पहिल्यांदा सादर केली त्या शार्ल मुन्शचं ध्वनिमुद्रणही 1956 चंच. तो जास्त पेटतो. तरी मला आन्चेर्लच हवा. आणि लाकडाचा गोंद ओतून तबकडी धुवायला सांगणाऱ्यांना कोपरापासून नमस्कार. बॅटरीवाल्याकडचं डिस्टिल्ड वॉटर, दोन थेंब वेटिंग एजंट आणि मऊ ब्रश एवढं पुरे.

राहिला तिसऱ्या भागाचा शेवट. शांत कोराल (प्रार्थनागीतासारखी संथ चाल), तोही लेबलाजवळच्या खाचांत, जिथे आधीच्या मालकाच्या जड सुईने खाचेच्या भिंती खरवडल्यात. टकटक नाही, सरळ फाटलेला आवाज, म्हणजे वरची युक्ती बाद. इथे टोक छाटलेली शंकूच्या आकाराची मोनो सुई घ्यावी असं लिहिणार होतो, पण लिहिता लिहिता सुचलं: झीज दोन्ही भिंतींची सारखी कशावरून? थांबा. ऐकून आलो. उजवी भिंत गेलीय, डावी बरीच धड आहे! म्हणजे शेवटच्या काही मिनिटांपुरती बेरीज सोडून फक्त डावा चॅनल घ्यायचा. बेरजेने खरखर सुमारे 3 डेसिबल कमी होते, तेवढी परत वाढेल, पण ती चालेल. फाटका कोराल नको. सांधा कुठे घालायचा ते बघतो. जिथे ब्रास वाजतं तिथे कळणार नाही बहुतेक.

त्यामुळे सुईची खरेदी रद्द आणि मार्तिनूची 'लिदित्सेचं स्मारक' ही वाद्यवृंदासाठीची रचना पुढच्या खेपेला. कंडक्टर टुर्नोव्हस्कीची मार्तिनूची चौथी सिंफनी स्टिरिओ आहे, तिथे वजाबाकी काही कामाची नाही, सबब स्वच्छ प्रतच हवी. कोणाकडे दोन असतील तर कळवा, बदल्यात कंडक्टर नॉयमनच्या मार्तिनू संचातली जादा तिसरी सिंफनी देतो.