पाय दिसले पाहिजेत

आमच्या घरी केबल आली 1995 च्या सुमारास. रात्री जेवणं झाली की कार्टून बंद, असा बाबांचा नियम होता; पण तो पाळायला लावायची वेळ त्यांच्यावर कधी आली नाही, कारण चॅनेलवालेच तो पाळायचे. कार्टून नेटवर्कची वेळ संपली की त्याच जागी टीएनटी हे जुन्या इंग्रजी सिनेमांचं चॅनेल सुरू व्हायचं, आणि टॉम-जेरीऐवजी गुळगुळीत भांग पाडलेली कृष्णधवल माणसं इंग्रजीत भांडायला लागायची. मी तेव्हा अकरा वर्षांची. बाकीची मुलं त्या क्षणाला उठून जायची, मी आळसानं बसून राहायचे. जुन्या हॉलिवूडच्या नाचाच्या सिनेमांचं जे वेड मला आयुष्यभर लागलं, त्यामागचं माझं कर्तृत्व एवढंच.

एके रात्री त्या मोठ्या माणसांच्या दुनियेत जेरी परत आला. सिनेमा रंगीत होता, एक हसरा खलाशी होता आणि सिंहासनावर डोक्यात मुकुट घालून आपला जेरी. राजेसाहेबांनी राज्यात गाण्या-नाचण्यावर बंदी घातलेली, कारण त्यांना स्वतःला नाचता येत नाही! मग तो खलाशी त्यांना शिकवतो आणि दोघं मिळून नाचतात. तो खलाशी म्हणजे जीन केली, सिनेमा 1945 चा ‘अँकर्स अवे’, हे सगळं मला फार नंतर कळलं. जेरीच्या जागी आधी मिकी माउसला विचारलं होतं आणि डिस्नीकडून नकार आला होता, हेही नंतरच. त्या रात्री कळलं ते इतकंच, की खरा माणूस चितारलेल्या उंदराच्या तोडीचा हलका असू शकतो.

त्यानंतर आजी आणि मी, आमची रात्रपाळी सुरू झाली. आजीला इंग्रजीचं अक्षर कळत नव्हतं आणि त्यानं काही अडतही नव्हतं. कथा सुरू असेपर्यंत ती वाती वळायची. वाद्यं वाजायला लागली की हात थांबायचे. तिनं नटांची नावं आपल्या सोयीनं ठेवली होती. जीन केली म्हणजे ‘पावसातला’. फ्रेड अस्टेअर म्हणजे ‘काटकुळा’. ‘‘हा काटकुळा चालता चालता नाचायला कधी लागतो, ते एकदा पकडून दाखव,’’ असं तिनं मला बजावलं होतं. मी आजतागायत प्रयत्न करते आहे. फ्रेड खिशात हात घालून खोली ओलांडत असतो, काहीतरी बोलत असतो, आणि मग कधीतरी तो बोलत नसतो, नाचत असतो. मधली शिवण सापडत नाही.

आजीच्या भाषेत त्याच्या पायाला भिंगरी होती. मला मात्र ती भिंगरी दिसत होती याचं कारण वेगळं आहे, आणि ते कळलं तेव्हा फ्रेडबद्दलचा माझा आदर दुप्पट झाला. नाचताना माणूस डोक्यापासून पायापर्यंत चौकटीत दिसला पाहिजे आणि नाच शक्यतो सलग चित्रित झाला पाहिजे, हा त्याचा आग्रह होता. मध्येच चेहऱ्याचा क्लोजअप नाही, टाळ्या वाजवणारे प्रेक्षक नाहीत. कॅमेरा तरी नाचेल नाहीतर मी तरी, असं त्याचं साधारण म्हणणं. आजकाल नाचाच्या गाण्यात मला आधी खांदा दिसतो, मग केस, मग एक गिरकी, मग ड्रोनमधून अख्खं गाव. पाय कुठे आहेत? पायांवर भरवसा नाही म्हणून तर ते लपवले जात नाहीत ना, असा दुष्ट विचार मनात येतोच.

बझ्बी बर्कली या नृत्यदिग्दर्शकाची ती 1933 सालची भव्य दृश्यंही मी पाहिलीत. वरून, छतावरून कॅमेरा लावलेला आणि खाली शेकडो मुलींची फुलं उमलताहेत. रांगोळी म्हणून मला त्याचं कौतुक आहे. प्रेम नाही.

प्रेम फ्रेड आणि त्याची नाचातली जोडीदार जिंजर रॉजर्स यांच्यावर. 1933 ते 1939 या काळात आरकेओ स्टुडिओसाठी नऊ सिनेमे आणि मग दहा वर्षांनी एमजीएम स्टुडिओसाठी एक. कथा म्हणाल तर सगळीकडे तीच: गैरसमज, हॉटेल, आणखी गैरसमज. पण 1935 च्या ‘टॉप हॅट’मध्ये जिंजरनं हट्टानं शहामृगाच्या पिसांचा झगा घातला आणि नाचताना पिसं झडायला लागली, ती सेटवर, फ्रेडच्या कोटावर, सगळीकडे. फ्रेड वैतागला, आणि नंतर तिला ‘पिसं’ म्हणूनच हाक मारायला लागला. आता तो नाच लागला की मी नाचाबरोबर पिसंही बघते. एखाददुसरं तरंगताना दिसतंच. पुढच्याच वर्षी ‘स्विंग टाइम’मधल्या शेवटच्या नाचासाठी रात्री उशिरापर्यंत टेकवर टेक झाले आणि जिंजरचे पाय रक्ताळले. पडद्यावर बघा, ती वाऱ्यासारखी जिना चढते. फ्रेडनं केलं ते सगळं जिंजरनं उलट्या पावलांनी आणि उंच टाचांवर केलं, हे वाक्य तिचंच म्हणून फिरतं. खरं तर ते 1982 सालच्या वर्तमानपत्रातल्या एका व्यंगचित्रातलं आहे. वाक्य चांगलं आहे, तिनं म्हणायला हवं होतं.

आता एक कबुली. टॅप, म्हणजे फ्रेडचा तो बुटांनी ताल धरत केलेला नाच; त्याच्या बुटांना तळाशी पत्रे असतात आणि तो टकटकाट म्हणजे त्या पत्र्यांचा फरशीवरचा ताल, हे कळल्यावर मी सोडावॉटरच्या बाटल्यांची बुचं गोळा केली. बिल्ले म्हणायचो आम्ही त्यांना. शाळेच्या जुन्या बुटांना दोन पुढे, दोन मागे असे खिळ्यांनी ठोकले. आमची शहाबादी फरशी, दुपारची वेळ, आई झोपलेली. चौथ्या ठेक्याला माझा पाय घसरला, बिल्ल्यानं फरशीवर हातभर ओरखडा काढला आणि खालच्या मजल्यावरच्या काकू वर आल्या. ‘‘वहिनी, तुम्ही शिलाई मशीन घेतलंत का हो?’’ त्यांनी खरंच कुतूहलानं विचारलं होतं. बूट रद्दीवाल्याकडे गेले. ओरखड्यावर आईनं पायपुसणं सरकवलं.

पुढे वाचलं तेव्हा कळलं, की पडद्यावरचा तो टकटकाटही सहसा नाचतानाचा नसायचाच. नाच आधी चित्रित व्हायचा आणि पावलांचा आवाज मागाहून, चित्र बघत, पुन्हा नाचून ध्वनिमुद्रित करायचे. जिंजरच्या पावलांचा आवाज तर पुष्कळदा हर्मिस पॅन या नृत्यदिग्दर्शकाच्या पावलांचा. आधी मला फसवल्यासारखं वाटलं. मग विचार केला, आपण पार्श्वगायनावर वाढलेली माणसं. गळा एकीचा, ओठ दुसरीचे, आणि डोळ्यांत पाणी आपल्या. मग पार्श्वपावलांनी काय घोडं मारलं?

पुण्यात भीमसेन की कुमार यावर जसे वाद रंगायचे, तसा या दुनियेत फ्रेड की जीन हा वाद आहे. तरुणपणी मी जीनच्या बाजूनं होते. तो मैदानी नाचतो. कबड्डीपटूच्या मांड्या, पायांत साधे बूट आणि पांढरे मोजे, म्हणजे नजर पावलांवरच जावी. ‘सिंगिंग इन द रेन’मधल्या त्या गाण्याच्या वेळी त्याच्या अंगात ताप होता. पाणी साचावं म्हणून सेटवरचा रस्ता ठरलेल्या जागी मुद्दाम खणून खड्डे केले होते. खड्डे खणायला स्टुडिओला खर्च करावा लागला, हे पुण्यातल्या माणसाला सांगून पटत नाही! त्याच सिनेमातली डेबी रेनल्ड्स तेव्हा जेमतेम एकोणीस वर्षांची, नर्तकी नव्हेच. तालमींनी जेरीस येऊन ती एकदा पियानोखाली रडत बसली होती, आणि तिला तिथे कोणी पाहिलं तर फ्रेड अस्टेअरनं. त्यानं तिला आपली तालीम बघायला नेलं. घामानं निथळणारा, चुकणारा, लालबुंद झालेला फ्रेड तिनं पाहिला. आपल्याला तो कधीच दिसला नाही. बहुधा ही गोष्ट वाचली त्या दिवशी मी पक्ष बदलला.

वय वाढेल तशा फ्रेडच्या बारीकसारीक गोष्टी आवडायला लागल्या. आपले पंजे फार मोठे आहेत असं त्याला वाटायचं, म्हणून नाचताना तो मधली दोन बोटं दुमडून घ्यायचा. पट्ट्याऐवजी कमरेला चक्क टाय बांधायचा. 1951 च्या एका सिनेमात तो खोलीच्या भिंतीवर चढून छतावर नाचतो. त्यासाठी अख्खी खोली एका प्रचंड फिरत्या पिंपात बसवली होती, सामान जागेवर पक्कं केलेलं, आणि कॅमेऱ्यासकट कॅमेरामनही खोलीबरोबर फिरत होता. आजीला यातलं काही सांगायची गरज नव्हती. ‘‘पालीसारखा चढला की गं!’’ म्हणून ती वातींकडे वळली.

पण प्रेम जुनं झालं म्हणून सगळंच पोटात घालता येत नाही. ‘स्विंग टाइम’मध्येच फ्रेड तोंडाला काळा रंग फासून नाचतो. बिल ‘बोजँगल्स’ रॉबिन्सन या थोर कृष्णवर्णीय नर्तकाला मानवंदना म्हणून. मागे त्याच्या तीन सावल्या नाचतात, कल्पना अफाट आहे, आणि तरी मला तिथे मान खाली घालावीशी वाटते. कारण त्याच काळात फेयार्ड आणि हॅरल्ड निकलस हे दोघे कृष्णवर्णीय नर्तक भाऊ होते. 1943 च्या ‘स्टॉर्मी वेदर’मध्ये ते मोठ्या जिन्यावरून एकमेकांच्या डोक्यावरून उड्या मारत एकेक पायरी उतरतात, प्रत्येक उडी थेट पाय फाकवून पायरीवर, आणि हात न टेकता उठून पुढची. मी तो नाच किती वेळा पाहिला असेल याची मोजदाद नाही, आणि दर वेळी माझा हात आपोआप स्वतःच्या गुडघ्यावर जातो. खुद्द फ्रेडनं त्याला सिनेमातला सर्वोत्तम नाच म्हटल्याचं सांगतात. मोठ्या स्टुडिओंनी मात्र या भावांना नायक कधी केलं नाही. कित्येक सिनेमांत त्यांचा नाच कथेपासून वेगळा ठेवलेला असायचा, म्हणजे अमेरिकेच्या दक्षिणेकडच्या, वर्णभेद पाळणाऱ्या थिएटरांना तो अलगद कापून टाकता यावा. इथेही पाय दिसायला नकोत, पण कारण निराळं.

माझी मुलगी हे सगळं फोनवर बघते. उभ्या पडद्यावर फ्रेड छान मावतो, डोक्यापासून पायापर्यंत, त्याला आवडलं असतं. पण जिंजर आली की पंचाईत. एक आत, दुसरा बाहेर. ‘‘आई, ही कोणाचा हात धरून नाचतेय?’’ मी तिला फोन आडवा धरायला सांगते. ती धरते, अर्धा मिनिट बघते आणि विचारते, ‘‘हे लोक दमत नाहीत का?’’

गेल्या वर्षी आमची जुनी इमारत पुनर्विकासाला गेली. सामान हलवून झाल्यावर रिकाम्या घरात मी तो ओरखडा शोधला. होता, खिडकीपासून तिसऱ्या फरशीवर, चांगला हातभर. मी उजवा पाय त्यावर ठेवला आणि टाच एकदा आपटून पाहिली. चपलेचा आवाज काही खास येत नाही.

‘‘बघ, माझी खूण आहे अजून,’’ मी आईला म्हटलं.

‘‘तुझी कसली? फ्रिज सरकवला होता तेव्हाची आहे ती,’’ आई म्हणाली आणि किल्ल्या मोजायला लागली.